दीपमाळेला दिलेला रंग

साखरा गावाच्या पुढे, जिथं जायला जीपवालेही नाखूश असतात, त्या माळावर एक जुनी दगडी दीपमाळ होती. एके काळी माळ ओलांडणाऱ्या बैलगाड्या तिचा उजेड बघून वाट धरायच्या. पुढे रस्ता दुसरीकडून गेला, गावही रस्त्याकडे सरकलं, आणि वर उरले एकटे उकंडराव. बायको शालूबाई गेल्यापासून त्यांचं बोलणं काय ते दीपमाळेशीच. ती बिचारी उलटून बोलत नसे, एवढंच सुख. रोज दिवेलागणीला ते वर चढून दिवा लावत. कोणासाठी, असं कोणी विचारतही नव्हतं.

त्र्याण्णवच्या भूकंपात दीपमाळ तडकली. फट दरसाल रुंदावत गेली. पुतण्या विजयकुमारनं अर्ज करून हिंगोलीच्या सरकारी कचेरीत खेटे घातले, तेव्हा कुठे दोन हजार एक साली पाहणीला पुरातत्त्व खात्याच्या म्याडम येणार असा निरोप एका गुराख्याबरोबर वर आला. म्याडमनी फट बघितली तर दुरुस्ती होणार; नाहीतर दीपमाळ कधी बसेल याचा नेम नव्हता.

आता पाहुणा यायचा म्हटल्यावर घर सारवायचं, हे उकंडरावांच्या हाडात मुरलेलं. त्यांनी फटीत सिमेंट भरलं, वरून पिवळा ऑइलपेंट फासला आणि पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावून उरलेल्या लाल रंगाचे पट्टे ओढले. काम झकास झालं, तेच तर नडलं.

म्याडमचं नाव प्रतिक्षा. वयानं लेकीएवढी. रंग बघून ती जराशी हिरमुसली, पण म्हाताऱ्याकडे पाहून हसली.

"काका, एकट्यानं सांभाळलीत? कमाल आहे तुमची."

उकंडरावांनी डोक्यावरचा पटका सरळ केला.

"अर्जात तडे लिहिलेत. मला तर दिसत नाहीत. आहेत का कुठे?"

खरं सांगावं तर रंग खरवडावा लागणार, आणि तिच्या तोंडावरचं ते कौतुकही जाणार.

"न्हाई," ते म्हणाले. "बराबर हाये समदं."

जीप माळ उतरून दिसेनाशी झाली तेव्हा ते रंगाखालची फट बोटानं चाचपू लागले.

त्याच पावसाळ्यात दीपमाळ बसली. विजयकुमार तणतणत वर आला.

"काका, म्याडमला फट काहून न्हाई दाखवली?"

उकंडरावांनी दगडांच्या ढिगातला एक पिवळा दगड उचलून बाजूला ठेवला.

"मला चांगलं म्हनून राहिल्या व्हत्या त्या. लई वर्सांनी कोनी म्हनलं."

विजयकुमारचा राग जिथल्या तिथं विरला. हिंगोलीला त्यानं चपला झिजवल्या होत्या. पण काकू गेल्यापासून माळ चढून तो आज पहिल्यांदाच आला होता.