‘मागचं दार’मधला तो ठोका माझा

मी शिलाई मशीन बोलतेय. कुठलीही नव्हे, ‘मागचं दार’ या अल्बममध्ये वाजते ती. मूळच्या अकरा गाण्यांपैकी सात गाण्यांत टक-टक-टक आणि मग जरा रेंगाळून धप् असा जो ठोका ऐकू येतो, तो माझा आहे. स्वतःच्या तोंडानं स्वतःची स्तुती करू नये म्हणतात. मला तोंड नाही, तेव्हा मी करणार.

मला कुणी घडवलं ते नीट आठवत नाही. शुद्धीवर आले तेव्हा कपड्यांच्या एका कारखान्यात, तिसऱ्या रांगेत, टेबलाला पक्की आवळलेली होते. चाळीस मशिनी, चाळीस बाया आणि नुसतेच फिरणारे पंखे. माझ्यापुढे बसायची ती बाई गाण्यात ‘आत्या’ आहे, म्हणून मीही तिला आत्याच म्हणते. तिच्या हाताला तोड नव्हती. कॉलर आतून पाहिली तरी वाटावं, हीच सुलटी बाजू. खूश असली की गुणगुणायची, तेही बेसूर. तिच्या खानदानात पुढे एक गाणारी निघेल असं कुणी सांगितलं असतं, तर माझा दोरा तुटला असता.

तिच्या शेजारी मागच्या दाराजवळ काजं करणारी बाई बसायची. तिला सगळे काजवाली म्हणत. डब्यातल्या भाजीपासून डोकेदुखीच्या गोळीपर्यंत दोघींची अर्धी-अर्धी वाटणी. एकीला शिव्या बसल्या की दुसरीचं तोंड उतरायचं.

एका दुपारी इस्त्रीच्या खोलीत आग लागली. कापड चोरीला जाऊ नये म्हणून मागच्या दाराला बाहेरून कुलूप असायचं. काजवाली सगळ्यांत आधी तिथे पोचली आणि धुरात आतली लोखंडी कडी ओढत राहिली. कडी तापलेली होती. आत्यानंच तिला कमरेला धरून मागे खेचलं आणि पुढच्या दारानं बाहेर काढलं. जीव कुणाचा गेला नाही. पण काजवालीची आठ बोटं पुन्हा कधी नीट मिटली नाहीत.

मग चौकशी आली. मॅनेजरनं एक कागद लिहून ठेवला होता: मागचं दार उघडं होतं, या बाईनं घाबरून तेच आतून लावून घेतलं. साक्षीला सही पाहिजे होती. आत्याला माझ्यापाशीच उभं करून त्यानं विचारलं, ‘तुला काय पाहिजे?’

ती म्हणाली, ‘ही मशीन.’

ती घाबरली नव्हती, हे मी शपथेवर सांगते. सही करताना कागद माझ्याच पाटावर ठेवला होता. तिचा हात जराही हलला नाही. तिला कितीतरी वर्षांपासून स्वतःचं दुकान काढायचं होतं आणि तेवढ्या एका क्षणात तिला दुसरं काही दिसलं नाही. म्हणजे त्या सहीच्या बदल्यात आलेली वस्तू मी आहे.

तिच्या घरी नेताना हमालांनी मला उंबरठ्यावर आपटलं. तेव्हापासून माझ्या चालीत हा लंगडेपणा आला. पट्टा चौथ्या फेऱ्याला किंचित घसरतो. मिस्त्रीनं दोनदा दुरुस्त करून पाहिलं आणि ‘स्वभावाला औषध नाही’ म्हणून निघून गेला.

पुढच्या खोलीत दुकान सुरू झालं. पँटी आखूड करणं, चेन बदलणं, शाळेचे गणवेश. नोकरी गेलेली काजवाली दर गुरुवारी दुपारी यायची, स्टुलावर बसायची, दोन्ही तळव्यांत कप धरून चहा प्यायची. सहीचं तिला ठाऊक होतं, ती कशाच्या बदल्यात झाली ते नव्हतं. सुरुवातीलाच एकदा ती म्हणाली होती, ‘घाबरलीस गं तू. मीही घाबरले असते.’ आत्यानं नुसती मान हलवली. त्या हललेल्या मानेवर पुढची बारा वर्षं त्यांची मैत्री उभी होती. गुरुवारी संध्याकाळी आत्याचे टाके नेहमी वाकडे पडायचे.

आता भाचीकडे येते. आत्याच्या भावाची मुलगी, घरातलं नाव टकळी, कारण तिचं तोंड बंद झालेलं कुणी पाहिलं नाही. शाळेत याबद्दल बाकावर उभी राहायची, आता याच नावानं रॅप करायला स्टेजवर उभी राहते. कॉलेज सुटलं की माझ्याशेजारी जमिनीवर बसून वहीत काहीबाही लिहायची. एक दिवस म्हणाली, ‘आत्या, ही मशीन तालात लंगडते.’ मोबाइल माझ्या पोटाशी ठेवून तिनं मला तासभर रेकॉर्ड केलं. मिस्त्रीला जे दुखणं वाटलं, त्यात या पोरीला ताल सापडला. माझ्या उशिरा येणाऱ्या ठोक्याच्या आधीच्या फटीत ती शब्द बसवायची, इतका नेमका की तो काढला तर माझाच ताल कोसळायचा. आत्याचा टाका आणि भाचीचा शब्द, दोन्ही एकाच घराण्याचे.

त्याच दिवसांत आत्यानं तिला सगळं सांगितलं. दार, कडी, सही. आणि त्या बदल्यात आलेली मी. मी ऐकत होते, तिनं काही गाळलं नाही.

अल्बम आला आणि नुसता गहजब झाला. कारखान्याच्या वकिलाची नोटीस आली. रेडिओवाल्यांनी हात वर केले. भाचीच्या वडिलांनी घरची लक्तरं वेशीवर टांगली म्हणून तिच्याशी बोलणं सोडलं. (लक्तरांचं मला विचाराल तर ती उजेडात धरल्याशिवाय शिवता येत नाहीत.) आणि ठोका कुठला, हे कळल्यावर चाहते दुकानात येऊ लागले. धडधाकट पँटी आखूड करायला घेऊन यायचे.

त्यांतले तिघं कायमचे झाले. एक कुरिअरवाला, एक नर्स आणि भाषा शिकवणारे एक प्राध्यापक. तिघांचं एकदाही एकमत झालं नाही, आणि तिघांनाही अल्बम तोंडपाठ होता.

प्राध्यापक म्हणाले, ‘चौथा ठोका उशिरा येतो, कारण न्याय उशिरा येतो. ही फार मोठी राजकीय प्रतिमा आहे.’

कुरिअरवाला म्हणाला, ‘सर, मशीनचा पट्टा सैल आहे. समोर बघा की.’

‘सैल असेल. पण तिनं तो सैलच ठेवला, यात कला आली.’

मला प्राध्यापकांचं म्हणणं पटलं. उंबरठ्याचं मी मनातच ठेवलं.

खरं भांडण सातव्या गाण्यावर व्हायचं. त्याचं नाव ‘सही’. नर्सचा त्यावर राग होता. ‘कारखान्याला शिव्या दे, मी टाळ्या वाजवीन. पण सख्ख्या आत्याला गाण्यात ओढायचं? त्या बाईला विचारलं का कुणी?’

‘अहो, ती आत्याला दोष देतच नाही,’ कुरिअरवाला म्हणाला. ‘माझ्या गाडीवर दिवसाला सात वेळा वाजतं ते. ऐका नीट.’

आत्या तिथेच बसून पँट उसवत होती. ही तीच बाई, हे तिघांनाही ठाऊक असावं, पण तिच्याकडे बघायचा धीर कुणाला होत नव्हता. अल्बममधलं तिला फक्त माझं कळायचं. बाकी भाची इतकं भरभर बोलते की तिनं नादच सोडला होता. नर्सला पटवायला म्हणून कुरिअरवाल्यानं मोबाइलवर गाण्याचा वेग कमी केला आणि मोठ्यानं लावलं.

*मागचं दार, दाराला कुलूप,*
*आत चाळीस बाया, बाहेर सगळं गुपचूप.*
*आत्याची सही, हात थरथरला,*
*पेन तिनं नाही, भीतीनं धरला.*

नर्सचे डोळे भरले. ‘हे मला ऐकूच आलं नव्हतं,’ ती म्हणाली. प्राध्यापकांनी चष्मा काढला. तिघांचं पहिल्यांदाच एकमत होत होतं की हे गाणं फार दयाळू आहे.

आत्यानं माझ्याकडे पाहिलं. मग उसवलेली पँट घडी करून ठेवली आणि म्हणाली, ‘आज दुकान बंद. उद्या या.’

भाची आली ती हसतच. आत्यानं तिला बसूसुद्धा दिलं नाही.

‘खोटं का लिहिलंस?’

‘खोटं कुठं? थोडं सांभाळून घेतलं,’ भाची म्हणाली. तोंडाची टकळी पहिल्यांदा अडखळली. ‘मशीनचं लिहिलं असतं तर लोकांनी तुला फाडून खाल्लं असतं. आणि काजमावशी ऐकणार ना गं.’

‘तिच्यासाठीच तर विचारतेय. बारा वर्षं मी मान हलवली. आता तू ते गाण्यात घातलंस, लोक त्यावर रडतायत. उद्या तीही ऐकेल आणि मला परत एकदा माफ करेल. मला नाही पेलवत ते.’

‘ती यायची बंद होईल, आत्या.’

‘हो,’ आत्या म्हणाली. ‘गुरुवारी ते तुझं रेकॉर्ड करायचं यंत्र घेऊन ये.’

मला वाटलं, पुन्हा माझा ठोका लागणार. गुरुवारी भाचीनं माइक लावला, काजवाली स्टुलावर बसली, चहा आला. मी तयार होते. आणि आत्यानं माझं बटण बंद केलं.

मग ती बोलली. ताल नाही, यमक नाही. म्हणाली, ‘मी घाबरले नव्हते. मला मशीन पाहिजे होती. त्यानं विचारलं आणि मी मागितली. तुझी बोटं गेली तेव्हा तुला मीच ओढून काढलं, आणि दार तू लावलंस असं लिहिलेल्या कागदावर सही पण मीच केली. ती मशीन ही.’

काजवालीनं कप खाली ठेवला. मग उठून माझ्यापाशी आली. न मिटणारा तळहात माझ्या अंगावर ठेवला, जसा ताप बघायला कपाळावर ठेवतात. ‘हीच काय,’ एवढंच म्हणाली आणि पायात चप्पल घालून गेली. कप अर्धा भरलेला होता.

पुढच्या गुरुवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. आत्या स्टूल पुसून ठेवायची आणि चहा एकीचाच करायची.

भाचीनं ते बोलणं अल्बमच्या शेवटी बारावं गाणं म्हणून घातलं. एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. मग जो वाद पेटला, त्यापुढे आधीचा काहीच नव्हता. काही गिऱ्हाइकांनी दुकान बदललं. एकानं दारावरून ओरडून शिवी दिली. प्राध्यापक म्हणाले की याला गाणं म्हणता येणार नाही, आणि ते जे काही आहे ते बाकी अकरा गाण्यांपेक्षा मोठं आहे. नर्स म्हणाली, ‘मी हिची बाजू घेत होते, आता कुणाची घेऊ ते कळत नाही, पण रोज ऐकते.’ कुरिअरवाला दिवसाला एकदाच ऐकायचा, गाडी बाजूला घेऊन. त्यानं सांगितलं, ‘सात नंबरला ती पोर आत्याला वाचवते आणि बाराला आत्या त्या पोरीला खोट्यातून वाचवते. असं कुणाच्या अल्बमात नाही.’ मला या तिघांचा फार अभिमान वाटतो. एकेका श्वासावर तासन्‌तास भांडणारी माणसं असतील, तर बोलणाऱ्यानं खरं बोलावं.

आणि स्वतःच्या मोठेपणावर जीव टाकणाऱ्या माझ्यासारखीनं हेही सांगितलं पाहिजे: त्या बाराव्या गाण्यात मी नाही. माझ्या मते सबंध अल्बममध्ये तेच सगळ्यांत चांगलं आहे.

सहाव्या गुरुवारी काजवाली आली. आत्या उभी राहिली. काजवालीनं स्टुलाकडे पाहिलं नाही. ती सरळ आत्याच्या खुर्चीत, माझ्यापुढे बसली.

‘ऐकलं मी,’ ती म्हणाली. ‘शेजारणीच्या पोरानं लावून दिलं. चार वेळा.’

‘बरं,’ आत्या म्हणाली.

‘माफबिफ मी काही करत नाही. ते मागं केलं ते फुकट गेलं.’

‘नको करूस.’

‘माझे हात गेले, पाय चांगलेत. कापड तू धर.’

तिनं चप्पल काढून पेडलवर पाय ठेवला. आत्यानं मागे उभं राहून, तिच्या खांद्यांवरून दोन्ही हात पुढे आणून, कापड माझ्या सुईखाली सरकवलं. पहिल्यांदा मी नुसती गुरगुरले. काजवालीला वेगाचा अंदाज नव्हता आणि आत्याला थांबायची सवय नव्हती. शिवण गेली भलतीकडे. ‘सावकाश गं बाई,’ आत्या म्हणाली. ‘तू कोण मला सांगणार,’ काजवाली म्हणाली आणि पाय थोडा सैल केला.

कोपऱ्यात बसलेल्या भाचीचा हात आपोआप मोबाइलकडे गेला. असा ठोका तिनं कधी ऐकला नव्हता. मीही नाही. दोघी एकदमच म्हणाल्या, ‘ठेव तो खाली.’ तिनं ठेवला.

तेव्हा लोकहो, मी म्हातारी झाले आहे, पट्टा घसरतो, तेल कमी पडतं. तुम्ही या, पँटी आणा, माझ्या लंगडण्याचे हवे ते अर्थ लावा, मला आवडतं. फक्त त्या दुपारी मी कशी वाजले, ते मला विचारू नका. एक उशीचा अभ्रा शिवून झाला. एक बाजू वाकडी आली. काजवाली तो घरी घेऊन गेली.