दोघींची ट्रॉली

दारावर टकटक आणि पाठोपाठ 'हाउसकीपिंग' अशी हाक तुम्ही ऐकली असेल. त्या हाकेमागे उभी असलेली ट्रॉली मी बोलतेय.

माझा जन्म हिंगण्याच्या एका कारखान्यातला. तिथून आले ती वर्धा रोडवरच्या या हॉटेलच्या तिसऱ्या मजल्यावर. अंगावर चादरी, टॉवेल, साबणाच्या वड्या. नऊ वर्षं मला कांताबाईंनीच ढकललं. जरीपटक्याहून बसने यायच्या. पाहुण्याची रात्र कशी गेली, हे त्या उशीवरून ओळखत. रडून ओली झालेली उशी असली, की तिचा अभ्रा हळूच काढायच्या.

गेल्या उन्हाळ्यात त्यांचा उजवा खांदा धरला. गादी उचलून चादर खोचताना हात वरच जाईना. दोन वाजेपर्यंत चौदा खोल्या व्हायला हव्यात, त्यांच्या अकराच होत.

सुपरवायझर सुशील साहेब म्हणाले, "कांताबाई, मी दुसरी बाई पाहून राहिलो."

कांताबाईंनी माझी दांडी घट्ट धरली.

शेजारच्या चौदा खोल्या दामिनीकडे होत्या. नरखेडकडची पोर, नवीच लागलेली. तीच पुढे झाली.

"साहेब, आम्ही दोघी मिळून अठ्ठावीस करतो. आठ दिवस द्या आम्हाले."

"एका पलंगाले दोन बाया?"

"पाहा तं खरं!"

पहिल्या दिवशी पावणेतीन वाजले. मला तर धडकीच भरली. दामिनीची घाई फार. कांताबाईंनी तिला आरसा पुन्हा पुसायला लावला.

"काहून वं, पाहुण्याले तुह्या बोटांचे ठसे दाखवतं का?"

"मावशी, उशीर होऊन राहिला ना!"

"होऊ दे. पूस."

चौथ्या दिवशी मात्र लय सापडली. एक पलंगाच्या या बाजूला, एक त्या. दामिनी गादी उचले, कांताबाई चादर खोचत, डाव्या हाताने. आठव्या दिवशी पावणेदोनलाच काम संपलं. साहेबांनी अठ्ठावीसही खोल्या स्वतः पाहिल्या, पलंगाखालीसुद्धा वाकून.

"बाकीच्या मजल्यांवरही जोड्या लावतो आता," ते म्हणाले. "आणि नव्या पोरींले तुम्हीच शिकवा, कांताबाई."

दामिनीने तिथेच टाळी वाजवली. कांताबाई पदराने तोंड पुसत राहिल्या, उगाच.

आता माझ्यावर दुप्पट ओझं असतं. रंग उडालाय, एक चाक बदललंय. तक्रार नाही. एवढंच मागते: खोली सोडताना ओला टॉवेल गादीवर टाकू नका. आणि जाता जाता दोघींना नमस्कार करा. त्या हसतील. दामिनी आधी, मग कांताबाई.