सहाव्या माणसाचं वजन

ही गोष्ट ऐकून कोणी विश्वास ठेवणार नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. ठेवूही नका. खऱ्या गोष्टींचं नशीबच तसं असतं. पण साक्षीला खुद्द लिफ्टवाल्याची बायको इथे मटार सोलत बसली आहे. शंका आली तर वहिनींना विचारा.

तर लिफ्टवाला. सात मजल्यांची जुनी इमारत, सगळी ऑफिसं, आणि मधोमध जाळीच्या दाराची लिफ्ट. आत कोपऱ्यात एक स्टूल, स्टुलावर हा, आणि याच्या उजव्या हाताशी पितळेचा दांडा. दांडा पुढे ढकलला की लिफ्ट वर, मागे ओढला की खाली. आणि तो दांडा असा मानी, की दुसऱ्या कोणी धरला तर लिफ्ट जागची हलायची नाही. एकदा इमारतीच्या मॅनेजरसाहेबांनी दोन्ही हातांनी जोर लावून पाहिला. साहेबांच्या कोटाची शिवण उसवली, लिफ्ट तिथेच. मग लिफ्टवाल्यानं नुसतं बोट टेकवलं, तशी मुकाट्यानं निघाली.

आता दिवसभर वर-खाली फिरायची ती लिफ्ट. हा आपला बसलेला. त्यात प्रत्येक मजल्यावर याचं कोणी ना कोणी लाडकं. कोणाचा वाढदिवस, कोणाची बढती, की केकचा तुकडा आधी लिफ्टमध्ये. सात मजल्यांचा पाहुणचार एका पोटात जमा होत गेला, आणि पोटही दिलदार, कोणाला नाही म्हणेना.

मग लिफ्टमध्ये वजनाची घंटी बसली. पाटी लागली: ‘सहा माणसं, लिफ्टमनसकट’. पहिल्याच सकाळी हा आणि चौघं ठीक होते. पाचव्यानं पाय ठेवला आणि घंटी अशी ठणाणा वाजायला लागली की रस्त्यावरचं कुत्रं इमानानं उत्तर देऊ लागलं.

मॅनेजर म्हणाले, “काका, तुम्ही दोघांची जागा घेता.”

“साहेब, पगार एकाचाच घेतो.”

“तपासनीस येणार आहेत. त्यांच्यासमोर घंटी वाजली तर तुमची बदली तळघरात. जुन्या फायली लावत बसा.”

हसणाऱ्या माणसाला घोर लागला. तळघरात कोणाला ‘काय, आज स्वारी खुशीत?’ असं विचारणार? कोणाचं घरी बिनसलं, कोणाच्या मुलीला नोकरी लागली, सगळं याला त्या चार फुटांत कळायचं. फायली काय सांगणार? त्या रात्री हा जेवला नाही. म्हणजे दुसऱ्यांदा वाढून घेतलं नाही.

पाचव्या मजल्यावर आहाराच्या डॉक्टरीणबाई बसायच्या. त्यांना यानं वर नेता नेता गाऱ्हाणं सांगितलं. त्या म्हणाल्या, “भूमध्य समुद्राकाठचे लोक खातात तसं खा.”

“तिकडे लिफ्ट असतात का हो?”

“ते चालतात. तुम्हीही चाला. भाज्या, डाळी, मासे, मूठभर अक्रोड, अख्ख्या गव्हाचा पाव. आणि ऑलिव्हचं तेल.”

‘तेल खा’ म्हणणारा डॉक्टर जन्मात पहिल्यांदा भेटला होता. यानं तिथल्या तिथे हात जोडले.

घरी वहिनींनी बाटलीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. “तेल ओतून माणूस रोडावतो, हे आजच ऐकलं.”

“समुद्राकाठचं शास्त्र आहे ते.”

“मग समुद्राकाठीच ठेवून येते तुम्हाला.”

तरी त्यांनी केलं सगळं. पण या गृहस्थानं काय करावं? आधी समुद्राकाठच्यांचं जेवण जेवायचं, आणि वर आपलं नेहमीचं. पथ्य पाळलं म्हणून बक्षीस बिस्किटांचा पुडा. थोड्याच दिवसांत घंटी चौथ्या माणसालाच वाजायला लागली. तेव्हा वहिनींनी बिस्किटांच्या डब्याला कुलूप घातलं आणि किल्ली मंगळसूत्रासारखी गळ्यात अडकवली.

खाणं ताळ्यावर आलं, पण काटा हलेना. आणि इथेच याच्या डोक्यातून ती युक्ती निघाली.

सकाळी ऑफिसं भरायची वेळ. लिफ्टमध्ये गर्दी, घंटीचा ठणाणा. हा शांतपणे उठला, बाहेर आला. घंटी गप्प! यानं जाळी ओढून घेतली, लिफ्ट निघाली वर, आणि हा निघाला जिन्यानं. कारण वरची जाळी इतकी हट्टी, की याच्याखेरीज कोणाला उघडायची नाही.

पहिल्या दिवशी हा सातव्या मजल्यावर पोचेपर्यंत आतल्या एका बाईंनी लोकरीची अर्धी टोपी विणून काढली होती. एकानं घरून आणलेला डबा संपवला होता. पण रोज तेच. जिन्यावर धाप, खिशात अक्रोड, घरी डाळ आणि मासळी. टोपी पाव झाली, मग नुसत्या चार टाक्यांची. नंतर नंतर हा लिफ्टच्या आधी वर पोचून, केसांवरून कंगवा फिरवून, “या, या, उशीर केलात!” म्हणत उभा असायचा. एकदा तर इतका वेगात चढला, की वरून वाकून पाहिलं तर याची सावली दुसऱ्या मजल्यावर कठडा धरून धापा टाकत बसलेली.

आला तपासणीचा दिवस. मॅनेजरांनी माणसं निवडून आणली होती: स्वतः, तपासनीस, कँटीनचा आचारी आणि तिसऱ्या मजल्यावरचे फर्निचरवाले दोघे भाऊ, जे स्वतःच कपाटासारखे होते. पाच जण आत शिरले. लिफ्टवाल्यानं एकदा त्या स्टुलाकडे पाहिलं, पोट आत ओढलं (ओढायला पोटच सापडेना), आणि पाय ठेवला.

घंटी गप्प.

मॅनेजरांनी छत्रीच्या टोकानं घंटीला टोचून पाहिलं. गप्प. तपासनीस वैतागले. “उगाच खेळ नको. लिफ्टमन आल्याशिवाय चाचणी धरणार नाही. कुठे आहे तो?”

“इथेच आहे साहेब,” त्यांच्या मागून आवाज आला. “जरा तुमचा कोपर काढलात तर दिसेनही.”

स्टूल वाचलं. फायली तळघरात पोरक्या राहिल्या. आणि हे सगळं घडलं ते त्या जिन्यामुळे, बरं का! लिफ्ट एकीकडून वर, हा दुसरीकडून...

मटार सोलणारे हात थांबले.

“भावजी,” वहिनी म्हणाल्या, “इतके महिने डाळी मी शिजवल्या, किल्ली मी सांभाळली, आणि श्रेय त्या जिन्याला. बरं, तेही असू दे. पण दांडा लिफ्टच्या आत. यांच्याखेरीज तो कोणाला दाद देत नाही, हे मघाशी तुम्हीच सांगितलंत. मग हे जिन्यात पळत होते, तेव्हा लिफ्ट वर नेत होतं कोण?”