शनिवारची खेप

मी गाडी बोलतेय. बुटकी, रुंद, राखाडी रंगाची. मिठबावच्या खाडीकाठी माडाच्या झापांच्या मांडवाखाली उभी आहे ना, ती मीच. टपावर फणसाची पानं साचलीत, पुढच्या काचेवर कावळे हजेरी लावून जातात, पण शुद्ध हरपलेली नाही. जे सांगायचं ते नीट सांगेन.

जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. तिथं सगळेच घाईत होते, त्यामुळे त्याचं फारसं काही आठवत नाही. आठवतो तो कोल्हापूरच्या शोरूमचा कोपरा. लोक यायचे, माझं दार उघडून धाडकन आपटायचे आणि म्हणायचे, "चारही चाकं ओढतात? आपल्याला काय डोंगर चढायचाय?" मग पलीकडच्या चकचकीत गाडीकडे वळायचे. दार आपटून गाडीची परीक्षा करायची ही माणसांची खोड मला अजून कळलेली नाही.

शंकरनं दार आपटलं नाही. पांढरा शर्ट घातलेला तो माणूस सरळ जमिनीवर उताणा झोपला आणि माझ्या पोटाखाली बघत राहिला. पंचवीस वर्षं त्यानं बोटीवर इंजिनरूममध्ये फिटर म्हणून काढली होती. विकणाऱ्या मुलाला म्हणाला, "मागच्या चाकांना ताकद कुठून जाते, ते दाखवा." मुलाला ते ठाऊक नव्हतं. मग शंकरनंच त्याला दाखवलं. मी तेव्हाच त्याची झाले.

त्याला माझ्यासारखीच हवी होती, कारण त्याच्या घराची घाटी. वरच्या डांबरी रस्त्यापासून खाडीकाठच्या घरापर्यंत तांबड्या मातीची खडी उतरण, एका अंगाला जांभ्या दगडांची रचलेली बुटकी भिंत, म्हणजे गडगा, गडग्याखाली खाडी. पावसात तिथं भल्याभल्या गाड्यांची चाकं जागच्या जागी फिरत बसायची. शंकर माझं गोल बटण 'लॉक'वर फिरवायचा, पहिल्या गिअरात टाकायचा, आणि मी चारही पायांनी माती धरून वर यायचे. शेजारीपाजारी पडवीत येऊन बघत. फुशारकी वाटेल, पण दहा वर्षांत मी एकदाही त्याला वाटेत टाकलं नाही.

घरात माणसं दोनच, शंकर आणि शेवंती. मूलबाळ नव्हतं. माझी बडदास्त मात्र पोरीसारखी. खारा वारा लोखंड खातो म्हणून दर रविवारी तो मला पोटाखालून गोड्या पाण्यानं धुवायचा. हाकायला मात्र कुणाला देत नसे. शेवंतीनं एकदा विषय काढला, तर म्हणाला, "जहाजावर कप्तान एकच आसता गो."

"तुमी खंयचे कप्तान? इंजिनातले फिटर तुमी!" शेवंती म्हणाली. तो खो खो हसला, पण चावी काही दिली नाही.

मग शंकरच्या किडन्या गेल्या.

आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शनिवारी, कणकवलीच्या हॉस्पिटलात डायलिसिस. जाताना दीड तास, मशीनवर चार तास, येताना दीड तास. पाणी मोजून, मीठ बंद. माडांच्या बागेत राहणाऱ्या माणसाला शहाळंही बंद. एक एक गोष्ट त्याच्या हातून सुटत चालली होती, आणि उरलं होतं ते माझं स्टिअरिंग. म्हणून जाताना तोच हाकायचा आणि येतानाही तोच. मशीनवरून उठून आला की आधी स्टिअरिंगवर कपाळ टेकून बसायचा. ते कपाळ गार लागायचं. शेजारी शेवंती पर्स मांडीवर घट्ट धरून बसलेली असायची. डॉक्टरांनी त्याला निक्षून सांगितलं होतं, गाडी चालवू नका. पण ऐकेल तो शंकर कसला! एकदा येताना एका वळणावर त्याचे डोळे मिटले. समोरून ट्रक येत होता. मीच खड्ड्यात धाडकन आदळले, तेव्हा तो दचकून जागा झाला. शेवंतीनं त्या दिवशी हाकायला शिकायचं ठरवलं.

चावी मशीनच्या चार तासांत तिच्याच पर्समध्ये असायची. शंकरच्या शेजारच्या मशीनवर कुणकेश्वरची सत्यवती असायची. तिचा नवरा गणपत एसटीत बत्तीस वर्षं ड्रायव्हर होता. आता काचबिंदूनं त्याची नजर जवळजवळ गेलेली. हॉस्पिटलमागच्या माळावर त्यानं शेवंतीला शिकवायला घेतलं. डोळ्यांनी नव्हे, कानांनी. माझ्या नुसत्या आवाजावरून त्याला कळायचं.

"वैनी, तिसऱ्यात घाला! गाडी बोंबालता, आयकाक येणा नाय तुमका?"

"येता हो! तिसरो गावणा नाय त्येका काय करू?"

"माझ्या येष्टीत असा गिअर घातलो असतो, तर पॅसेंजर खिडकेतसून भायर इले असते!"

आईशप्पथ, पहिला महिना माझ्या क्लचचे हाल हाल झाले. पण ती बाई चिवट. रडली, घामाघूम झाली, एकदा माळावरच्या करवंदीच्या जाळीत मला घुसवलं, तरी दुसऱ्या खेपेला पुन्हा चावी घेऊन हजर. देवगडच्या बाजाराला जाते असं घरी सांगून तिनं लायसनही काढून आणलं.

ती बुटकी. बसण्याआधी सीट पुढे ओढायची, आणि उतरताना मागे सारायची. पण घाईत दर वेळी एक खाच कमी सरायची. शंकर येऊन बसला की त्याचा गुडघा स्टिअरिंगखाली लागायचा. पहिल्या दिवशी त्यानं गुडघ्याकडे पाहिलं, मग शेवंतीकडे पाहिलं. शेवंती खिडकीबाहेर, जणू आयुष्यात पहिल्यांदा माड बघतेय, अशी बघत होती. त्यानं दांडी ओढून सीट एक खाच मागे घेतली आणि मला चालू केलं. असं आठ महिने चाललं. दोघांचंही गुपित मला ठाऊक, आणि मला तोंड नाही.

आषाढातल्या एका शनिवारी मशीनवरच त्याचं ब्लडप्रेशर पडलं. भिंतीला धरत धरत तो माझ्यापर्यंत आला. ड्रायव्हरच्या दारावर हात ठेवून थोडा वेळ उभा राहिला. मग पावसात भिजत मला वळसा घालून गेला आणि डाव्या सीटवर बसला.

"हाक," तो म्हणाला.

"माका खंय येता हाकूक?"

"मगे माझी सीट दर खेपेक पुढे कोण ओढता? देव कुणकेश्वर ओढता?"

शेवंती आधी हसली आणि मग तिला रडूच कोसळलं. पदरानं तोंड पुसून ती माझ्यात बसली.

घाटीवर पोचलो तर वरून पाण्याचा ओहोळ लोटत होता. शंकरनं स्वतः बटण 'लॉक'वर फिरवलं. "ब्रेक दाबून ठेव नको. पहिल्या गिअरात ती आपली आपण उतारता. भिया नको. मी आसंय मा." आम्ही तिघं ती घाटी एकदमच उतरलो म्हणा ना. खाली आल्यावर तो एवढंच म्हणाला, "बरा हाकलंस." आणि आपल्याला कोणी बघत नाही असं समजून त्यानं डोळे पुसले. मी पाहिलं. आरसा माझाच होता.

त्यानंतर दोन वर्षं तीच हाकायची. त्याच काळात शंकरच्या हातून एक चूक झाली, आणि ती मला सांगायलाच हवी. घाटीतल्या दगडानं माझा पुढचा टायर चिरला. गॅरेजवाला मंगेश म्हणाला, "काका, हिची चारय चाका सारखी होयी. दोन नवी दोन जुनी चलाची नाय." शंकरला हे त्याच्याहून चांगलं ठाऊक होतं. पण तो म्हणाला, "टायर माझ्यापेक्षा जास्ती दिस टिकतले, मंगेश. चार घेवन काय करू? दोनच घाल." मंगेशनं दोनच घातले.

माझ्या पोटात एक जोड आहे. मागच्या चाकांना ताकद पोचवतो तो. पुढची चाकं नवी, मागची झिजलेली, दोघांची चाल वेगळी, आणि त्या फरकाचा सगळा ताण त्या जोडावर. तो आतल्या आत झिजू लागला. आपलं मरण धरून चालणाऱ्या माणसाला आपल्या मागे राहणारी माणसं दिसत नाहीत. मी त्याच्यावर रागावले नाही, पण वाईट फार वाटलं.

मार्गशीर्षातल्या एका सोमवारी सकाळी शंकर पेजेची वाटी हातात घेऊन पडवीत बसला आणि तसाच मागे टेकला. मंगळवारची खेप झाली नाही.

दोन महिने मी मांडवात उभी होते. शेवंती माझ्याकडे बघायचीसुद्धा नाही. मग एक दिवस गणपतचा फोन आला. रिक्षावाल्यानं ऐनवेळी टांग दिली, सत्यवतीची खेप चुकली आणि तिच्या छातीत पाणी भरलं. मरता मरता वाचली होती. शेवंतीनं फोन ठेवला, मला पुसून काढलं, आणि कुणकेश्वरला जाऊन गणपतला म्हणाली, "माका तुमी शिकयल्यात. सत्यवतीक मी न्हेतलंय."

दीड वर्षं एकही खेप चुकली नाही. सत्यवती मागच्या सीटवर टेकून म्हणायची, "हिच्यात बसला की पोटातला पाणीसुदीक हलणा नाय." मला बरं वाटायचं. पण आतून मला माझं दुखणं कळत होतं.

यंदा पाऊस लागला आणि एका मंगळवारी, घाटी अर्धी चढल्यावर, जोडानं मान टाकली. मागची चाकं मेली. पुढची नुसती फिरू लागली आणि मी मागे घसरले, थेट गडग्याला जाऊन टेकले. दोन दगड खाली खाडीत पडल्याचा आवाज आला. शेवंती स्टिअरिंग धरून तशीच बसून राहिली. मग दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा जोर लावून कशीबशी वर आलो.

मंगेश पोटाखाली शिरून बाहेर आला. "काकी, जोड मेलोहा. नवो मेळाक महिनो जायत. पाऊस आसा तवसर हिका घाटीत घालू नको."

"आणि शनवारी सत्यवतीक कोण न्हेतला? रिक्षेचो काय भरवसो?"

"काकी, गडगो दुसऱ्या खेपेक ऱ्हवाचो नाय!"

मी शेवंतीला चांगली ओळखते. तिनं ठरवलं होतं.

शनिवार उजाडला तो धो धो पावसातच. रेनकोट घालून ती आली, माझ्यात बसली, चावी फिरवली. मला समोर घाटी दिसत होती, गडग्याला पडलेलं खिंडार दिसत होतं, आणि हिचे हात स्टिअरिंगवर.

मी चालू झाले नाही.

तिनं सात वेळा चावी फिरवली. "चल गो बाये," म्हणाली, "आज नको असा करू." माझ्या काळजाचं पाणी पाणी झालं. मी दात आवळून गप्प राहिले.

शेवटी तिनं गणपतला फोन केला, "मेळात ती रिक्षा बघा, मी चलत वर येतंय." उतरून माझ्या बॉनेटवर तिनं थाप मारली, चांगली लागेल अशी. "तू पण दगा दिलंस मा?" आणि छत्री घेऊन, घसरत, गडग्याचा आधार घेत घाटी चढून गेली. सत्यवती दोन तास उशिरा पोचली, पण पोचली.

मंगेश म्हणतो, बॅटरीच्या टोकाला खाऱ्या वाऱ्यानं पांढरं धरलं होतं, म्हणून चालू झाली नाही. असेल. मी वाद घालत नाही.

पण त्या दिवसापासून शेवंतीनं हाकणंच सोडलं. गणपत रिक्षांच्या हातापाया पडत राहिला. तीन आठवड्यांत सत्यवतीची एक खेप चुकलीच. मग काल गणपत काठी टेकत मंगेशबरोबर आला. चाचपडत माझ्यापाशी येऊन उभा राहिला.

"वैनी, एक गाडी बंद पडली म्हणान डायवर घराक बसता? माझ्यो किती येष्ट्यो बंद पडल्यो!"

"माका भीती वाटता, गणपतानू," शेवंती म्हणाली. "त्येंच्या गाडयेन दगा दिल्यान. दुसरी माका खंयची सांभाळतली?"

"मंगेश आपली गाडी घाटीच्या वर लावन ठेवतलो. खाली हाडूची गरजच नाय. आज शुक्रवार, फाल्या शनवार," गणपत म्हणाला. "सत्यवती रिक्षेत बसूक तयार नाय. तुमच्याच हातात बसतली म्हणता."

शेवंती घरात गेली.

आज सकाळी सहा वाजता दार उघडलं. छत्री, पर्स, पायांत रबरी चपला. माझ्याजवळ आली तेव्हा मला वाटलं, थांबेल. ती थांबली नाही. घाटी चढून गेली. थोड्या वेळानं वर एक परकं इंजिन चालू झालं. एकदा बंद पडलं. मी जीव मुठीत धरला. पुन्हा चालू झालं, आणि कुणकेश्वरच्या दिशेनं निघालं.

मला आता भंगारवाला न्यायला येईल. जोडासाठी कोणी एवढ्या जुन्या गाडीवर खर्च करत नाही, आणि करूही नये. शेवंती, मी दगा दिला नव्हता. पण तुला तसंच वाटत राहिलं तरी चालेल. तू हाकत राहा. जा, सत्यवती दारात उभी असेल.