शिडी कोण धरणार

माझ्या सासूबाई देवाकडेसुद्धा जपून मागतात. नव्या वर्षाच्या सकाळी चर्चमध्ये बाकीची मंडळी घर मागतात, जावई मागतात, गुडघे बरे होऊ देत म्हणतात. या मात्र मामंजी गेल्यानंतरच्या पहिल्या नव्या वर्षाला एवढंच म्हणाल्या, "प्रभू, दोघं एका उपासनेला येऊ देत." मी शेजारी बसून मनात म्हटलं, मागायचंच तर हात आखडता कशाला?

दोघं म्हणजे त्यांचे मुलगे. थोरले माझे यजमान, धाकटे माझे दीर. दोघंही बापासारखे रंगारी. उंच भिंतीला एकाने चढायचं आणि दुसऱ्याने खालच्या पायरीवर पाय रोवून शिडी धरायची, हा मामंजींचा कायदा. धरणाऱ्याने जांभईसुद्धा द्यायची नाही, म्हणायचे. त्या दिवशी ते स्वतः वर होते आणि खाली धाकटे भावजी. फोन वाजला म्हणून भावजी दोन पावलं बाजूला झाले. शिडी घसरली. मामंजी परत उठले नाहीत.

कबरीची माती ओली होती तेव्हाच ह्यांनी सगळ्यांदेखत भावाला म्हटलं, "बापाला तू मारलंस." तेव्हापासून बोलणं बंद. भावजी शिडीला हात लावत नाहीत. फाटकं, खिडक्यांचे गज, हात पोचेल तेवढंच रंगवतात. ह्यांना त्या वाक्याचं काही वाटतं का, ते मला माहीत नाही. विषय काढला की ताट सरकवून उठतात.

मला राग यायचा तो सासूबाईंचा. "आई, एकदा दोघांना समोर बसवा आणि चांगले कान उपटा."

"कान उपटून मनं जुळतात होय गं?" त्या भाजी निवडता निवडता म्हणाल्या. "देवाच्या मागे घाई लावू नये."

दुसऱ्या वर्षी त्यांनी दोघांना एका बाकावर मागितलं. तेही मिळालं. हे एका टोकाला, भावजी दुसऱ्या टोकाला आणि मध्ये आम्ही दोघी.

आज सकाळी चर्चला निघताना मी विचारलं, "यंदा काय मागणार?"

"तुला सांगितलं तर तू मध्ये लुडबुड करशील."

आमच्याकडे नव्या वर्षासाठी निवडलेल्या बायबलच्या वचनाची पाटी वेदीच्या वर, भिंतीत उंच ठोकलेल्या खिळ्याला टांगतात. पूर्वी ते काम मामंजी करायचे, आता हे करतात आणि शिडी मी धरते. आज पाळकसाहेबांनी खूण केली तशी ह्यांनी शिडी लावली, पाटी खांद्याला अडकवली आणि माझ्याकडे पाहिलं. मी उठणार तोच सासूबाईंनी माझं मनगट पकडलं.

"बस."

"अहो आई, ते खोळंबलेत."

"खोळंबू दे."

हे शिडीपाशी उभे, कान लालबुंद. बापाचा कायदा मोडून एकटे चढायचे नाहीत. पुढच्या बाकावरचा एक जण मदतीला उठू लागला, तर सासूबाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की बिचारा खाली बसला. आणि म्हणे देवाच्या मागे घाई लावू नये! घरातलं दुखणं अख्ख्या मंडळीसमोर चव्हाट्यावर आलं म्हणून मी चिडले होते. मग लक्षात आलं, माझं मनगट त्यांनी अजून सोडलं नव्हतं, उलट जास्तच आवळलं होतं.

बाकाच्या त्या टोकाला भावजी उठले. खिशातला फोन काढून त्यांनी आईच्या मांडीवर ठेवला. वेदीपाशी गेले, खालच्या पायरीवर पाय रोवला आणि दोन्ही हातांनी शिडी धरली. मान खाली.

हे भावाच्या डोक्याकडे बघत राहिले. ज्याला खुनी म्हटलं, त्याच्या हातात आपला जीव द्यायचा होता. मी डोळे मिटले. आयुष्यात पहिल्यांदा मीही थोडंच मागितलं: प्रभू, एक पायरी.

पायरी करकरली. मग दुसरी. डोळे उघडले तेव्हा हे पार वर होते. पाटी किंचित वाकडी लागली.

हे उतरले तरी भावजींच्या मुठी सुटेनात. ह्यांनी त्या मुठींवर आपला हात ठेवला, जरा वेळ तसाच राहू दिला आणि येऊन आपल्या टोकाला बसले. मला रडू आवरेना.

"झालं की हो आई," मी नाक पुसत कुजबुजले. "आता बोलतीलसुद्धा. मागून टाका ना, लगेच!"

सासूबाईंनी मांडीवरचा फोन दोन्ही हातांत जपून धरला होता.

"नको," त्या म्हणाल्या. "ते पुढच्या वर्षी मागू."