सतरा जूनपासून हजर

वृषालीने तीनशे बारा पत्त्यांवर एकच ओळ पाठवली, "ही चाचणी आहे, उत्तर देऊ नये," आणि पाण्याची बाटली उघडते न उघडते तोच एक उत्तर आलं.

"मी प्रसूतिरजेवर आहे. १७ जूनपासून कामावर हजर होईन. – मृणाली अहिरे, अभिलेख विभाग."

नोव्हेंबर चालू होता. मृणाली अहिरेला जाऊन सहा वर्षं झाली होती.

बाटलीचं झाकण वृषालीच्या हातातच राहिलं. ती बसली होती ती खुर्ची मृणालीचीच. संस्थेत रुजू झाली त्या आठवड्यात शिपाई बेबाबाईने चहा ठेवता ठेवता सांगितलं होतं, "खुर्ची बदलून घ्या ताई. आधीची बाई बाळंतपणाला गेली, ती आलीच नाही." तेव्हा वृषाली हसली होती. पुढे तिला स्वतःला दिवस गेले, तेव्हा ते हसणं तिला पुन्हा पुन्हा आठवत राहिलं. रजेवर जाताना मेलवर काय मजकूर लावायचा म्हणून तिने विभागाच्या फायलीत शोधलं, तर एक आयता नमुना मिळाला. तिने फक्त तारीख बदलली. तो नमुना कुणाचा होता ते आज कळत होतं. तेच वाक्य. एक बाई परत आली, एक आली नाही.

संस्थेची शाळा-कॉलेजं जळगाव-धुळ्यात पसरलेली. अकरा वर्षांची सगळी मेल मुख्य कार्यालयातल्या एका कोंदट खोलीतल्या मशीनवर होती. आता ती क्लाउडवर न्यायची, तिथे आठ वर्षं जपून राहणार, कोर्टाने किंवा विद्यापीठाने मागितली तर शोधून देता येणार. पुण्याची एक कंपनी हे करून देत होती. जळगावची बाजू वृषालीकडे. सोमवारी सकाळी दहाला जुनं मशीन बंद.

"भाऊ, हे खातं अजून चालू कसं?" तिने रवींद्र भाऊंना विचारलं. ते कार्यालय अधीक्षक.

भाऊंनी कपाटातून एक फाइल काढून तिच्यापुढे सरकवली. "अर्ज आहे ना बंद करायचा. खाली बघा."

खाली रकाना होता: 'खाते सोडणाऱ्या कर्मचाऱ्याची सही.' रकाना कोरा. शेजारी सहा वर्षांचे सहा शेरे, सही प्रलंबित, सही प्रलंबित.

"आता तिची सही कुठून आणू?" भाऊ म्हणाले. "आणि तिच्या नावावर काट मारायला कुणाचा हात धजावला नाही. आपल्या संस्थेत मेल्यावर माणूस सुटतो, खातं नाही सुटत." मग आपल्याच बोलण्याचं त्यांना वाईट वाटलं असावं. "वारसाची सही चालेल, पुण्याला विचारलंय मी. सोनगीरला तिचे वडील आहेत. शनिवारी जाता का? बाईमाणूस गेलेलं बरं."

त्या दुपारी वृषालीने मृणालीची मेलपेटी उघडली. दोन हजारांवर मेल, एकही वाचलेली नाही, बहुतेक सगळी एकाच माणसाची. रोज सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी. विषयाच्या जागेवरच सगळं लिहिलेलं, आत काही नाही. 'सोनगीर. पोरीला दात आला.' 'सोनगीर. तुझ्या आईचा गुडघा बरा.' 'सोनगीर. पाऊस नाही, पोरीला ताप नाही.' आणि प्रत्येकाला मशीनने तत्काळ दिलेलं उत्तर: सतरा जूनपासून हजर होईन. दोन हजार वेळा.

तिने घाईघाईने पेटी मिटली आणि पिंप्राळ्याला, लेकीला सांभाळणाऱ्या सासूबाईंना फोन लावला. "चिमी काय करतेय?"

"पोहे सांडतेय. का गं?"

"काही नाही. सहज."

सोनगीरचं घर किल्ल्याच्या बाजूच्या गल्लीत निघालं. मृणालीचे वडील गिरधर आबा अंगणातच उभे होते. इस्त्रीचा पांढरा सदरा, गळ्यात दोरीने अडकवलेला चष्मा. चाळीस वर्षं ते त्याच गावात पोस्टमन होते. आत त्यांच्या पत्नी द्रौपदाबाईंनी चहा ठेवला होता, आणि कोपऱ्यात मृणालीची सहा वर्षांची प्रज्ञा पाटीवर काहीतरी गिरवत होती. जावयाने नाशिकला दुसरं घर मांडलं. पोर इथेच वाढली.

"तिनाच जागावर बठस का तू?" द्रौपदाबाईंनी विचारलं.

"हो."

"पोरंबिरं?"

"एक मुलगी. चौदा महिन्यांची."

"बाळंतपण बरं व्हयनं?"

"हो."

द्रौपदाबाईंनी कप तिच्या हातात दिला, पण आपली बोटं लगेच सोडली नाहीत. "म्हणजे तू परत उनी," त्या म्हणाल्या. परत आलीस, हे त्या रागाने म्हणाल्या नाहीत, लोभानेही नाही. वृषालीला वाटलं, कप खाली पडला तर बरं होईल.

तिने अर्ज पुढे ठेवला आणि जमेल तितकं सोपं करून सांगितलं. लिहिलेलं काही जाणार नाही. तुमचं एकूण एक पत्र नव्या जागी राहील. फक्त सोमवारपासून उत्तर येणार नाही.

"सही करू नका," द्रौपदाबाई नवऱ्याला म्हणाल्या. "येस ना तिनं उत्तर. कोनाले काय तरास शे?"

आबांनी अर्ज उचलून वाचला. मग वृषालीकडे वळले. "मशीन बोलतं ते माले म्हाईत शे, बेटा. मी काही येडा नाही. पण रजिस्टर पत्र टाकलं की माणूस पोचपावतीची वाट पाहतो. पावतीवर काय लिहिलंय ते कोण वाचतं? पोचलं, एवढं कळलं म्हणजे झालं. दहा-दहाला टपालाची थैली यायची आमची. ती वेळ झाली की हात आपोआप फोनकडे जातो. उत्तर येत राहतं तोवर हात थांबत नाही."

"मग राहू द्यायचं का, आबा?" वृषालीच्या तोंडून निघून गेलं. तसं करणं तिच्या हातात नव्हतं, तरी.

आबांनी कोपऱ्याकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. "पोरगी वाचायला लागली. फोन घेते आणि मोठ्यानं वाचते. आधी मला बरं वाटायचं. मग विचारलं तिनं, आबा, कोनता सालना सतरा जून? मी म्हटलं, येईल. यंदा सतरा जूनला शाळेत गेली नाही. गणवेश घालून ओट्यावर बसली. धुळ्याकडून येणारी एकेक गाडी पाहत. संध्याकाळी स्वतःच उठून आत आली. रडली असती तर बरं झालं असतं."

द्रौपदाबाई पदराने डोळे न पुसता चुलीकडे निघून गेल्या.

"एक सांगा," आबांनी चष्मा चढवला. "सोमवारी मी लिहिलं, तर परत काय शेरा येईल?"

"इंग्रजीत येतं. म्हणजे... असा पत्ता सापडला नाही, असं."

"सापडला नाही?" ते पहिल्यांदाच जरा कडक बोलले. "तो शेरा मी हजारदा मारलाय. अर्धवट पत्त्याला मारतात तो. इथे पत्ता पूर्ण शे. नाव बरोबर, ऑफिस बरोबर, विभाग बरोबर. पत्ता बरोबर असून घेणारा नसला, तर दुसरा शेरा असतो." त्यांनी खिशातलं पेन काढलं, तिच्या कागदाच्या पाठीमागे सरळ टपोऱ्या अक्षरात लिहिलं: मालक मयत. परत. हात कुठे अडखळला नाही. गावातल्या किती जणांच्या पत्रांवर त्यांनी हे लिहिलं असेल. "हा येऊ द्या. मराठीत. पोरगीच वाचील. माझ्या तोंडानं मला सांगता येत नाही."

मग त्यांनी रकान्यात सही केली आणि खाली कंसात लिहिलं, करिता, वडील.

सोमवारी पुण्याचा मुलगा फोनवर म्हणाला, "एका पत्त्यासाठी वेगळा मजकूर ठेवता येईल, मॅडम. पण असं कुणी मागितलं नव्हतं अजून. काय लिहायचं?"

"मी टाकते," वृषाली म्हणाली.

तिने नाव टाइप केलं. मृणाली अहिरे. पुढच्या शब्दाशी बोटं थांबली. याच खुर्चीत बसून, याच कीबोर्डवर मृणालीने सतरा जून लिहिलं होतं. साडेनऊ वाजले होते. तिने सासूबाईंना फोन लावला.

"चिमी?"

"आत्ताच झोपली."

"श्वास बघा ना, आई."

"अगं, काय हे."

"बघा ना."

फोन ठेवल्याचा, पावलांचा आवाज. मग बराच वेळ काहीच नाही. मग, "चालू आहे बाई, चालू आहे. पोट वरखाली होतंय. तू काम कर."

वृषालीने तो शब्द लिहिला.

दहाला कोंदट खोलीतलं मशीन बंद झालं. अकरा वर्षांची त्याची घरघर थांबली, तेव्हा ती किती मोठी होती ते सगळ्यांना कळलं. बेबाबाई दारातून डोकावून गेली. वृषाली पडद्याकडे बघत बसली. दहा वाजून दहा मिनिटांनी नोंद उमटली. 'सोनगीर. प्रज्ञा जवळ बसली आहे.' तिच्याखाली दुसरी ओळ: परत पाठवले.

फोन येईल असं तिला वाटत होतं. आला नाही. मंगळवारी दहा-दहाला तिने पडद्याकडे पाहिलं. बुधवारीही. काही आलं नाही.

शुक्रवारी बेबाबाईने टेबलावर एक पोस्टकार्ड ठेवलं. "ताई, तुमच्या नावानं. आजकाल कोण लिहितं असलं?"

मागे दोनच शब्द होते: पोच मिळाली. त्याच सरळ, टपोऱ्या अक्षरात. वृषालीने कार्ड उलटलं. तिचं नाव होतं, संस्थेचं नाव, इमारत, मजला, गाव, पिनकोड. आणि विभागाच्या खाली, जागा अपुरी पडू नये म्हणून जरा बारीक अक्षरात, 'मृणाली अहिरे यांचे जागी.'

पत्ता पूर्ण होता.