वेलचीची सुकेळी

वसईच्या कॉलेजात अनुष्का मॅडमच्या अर्थशास्त्राच्या तासाला टाचणी पडली तरी ऐकू यायची आणि प्राचार्यांना त्याचं फार कौतुक होतं. मग विद्यापीठाचं परिपत्रक आलं. आता चांगला वर्ग म्हणजे शांत वर्ग नव्हे, बोलका वर्ग. दुसऱ्या कॉलेजातले एक ज्येष्ठ प्राध्यापक मागच्या बाकावर येऊन बसणार, मुलं शिक्षकांशी किती बोलतात ते टिपणार आणि मार्क देणार. कंत्राटी शिक्षकांना पुढचं वर्ष मिळणार की नाही, ते या मार्कांवर ठरणार होतं. अनुष्का कंत्राटी होती. कालपर्यंतचा तिचा गुण रातोरात तिच्याच मुळावर उठला.

तिने करायचं काय बाकी ठेवलं होतं? "कुणाला काही शंका?" म्हटलं की वर्गभर माना खाली. नाव घेऊन उठवलं तर मुलगा अदबीने उभा राहून पंख्याचं निरीक्षण करायचा. शेवटी उत्तरही तीच द्यायची. आणि हीच मुलं, ती वर्गाबाहेर पडली रे पडली की असा गलका करायची की शेजारच्या वर्गातले सर दार लावून घ्यायचे. म्हणजे मुकी नव्हती, तिच्यापुरती मुकी होती. याचं तिला खरंच वाईट वाटायचं.

स्टाफरूममध्ये तिच्या शेजारी बसणाऱ्या विनया मॅडमनी यावर तोडगा सांगितला. चार हुशार मुलं हेरायची, त्यांना प्रश्न आधी द्यायचे आणि उत्तरं पाठ करून घ्यायची. सगळे हेच करत होते. विनया मॅडमच्या वर्गात तर तालीम रंगात आली होती. एक मुलगी उत्तर देण्याआधी विचारात पडल्याचा अभिनयसुद्धा शिकली होती. अनुष्काला ते पटेना. तत्त्वाचा वगैरे प्रश्न नव्हता. आपली पोरं ऐन वेळी हसतील आणि सगळं उघडं पडेल, एवढंच तिला कळत होतं. म्हणून तिने त्याहून वाकडी वाट शोधली.

ठरल्या दिवशी मार्क देणारे मेलरॉय सर पेन सरसावून मागे बसले. वसईतलेच, पिकल्या केसांचे, चेहऱ्यावर काही न दाखवणारे. धडा होता पर्यायी वस्तूंचा. चहा महागला की लोक कॉफीकडे वळतात, असं तिने सांगितलं. वर्ग ढिम्म. मेलरॉय सरांचा कागद कोरा. मग अनुष्का अगदी निरागस चेहऱ्याने म्हणाली, "आपल्या वसईचंच घ्या. राजेळी केळी महागली की लोक वेलची केळ्यांची सुकेळी करतात. चवीत काही फरक पडत नाही."

केळी सोलून उन्हात वाळवली की त्यांची सुकेळी होतात आणि ती राजेळीचीच करायची असतात. वसईत हे कुणी शिकवत नाही, कारण कधी गरज पडत नाही.

पहिल्यांदा शेवटच्या बाकावरचा भावेश उठला. वर्षभरात त्याच्या तोंडून हजेरीशिवाय शब्द निघाला नव्हता. "मॅडम, सॉरी, पण वेलचीची सुकेळी होतच नाहीत."

अनुष्काने खुशाल हट्ट धरला की होतात. मग काय विचारता. रिद्धीने तिच्या आजीची साक्ष काढली. स्टीवनने बाजारातला अनुभव सांगितला. जूचंद्रला नव्याने राहायला आलेला सिद्धेश म्हणाला, केळं ते केळं, त्यात एवढं काय, आणि त्याच्यावर चारी बाजूंनी तोफा सुटल्या. राजेळीला पर्यायच नाही, म्हणून भाव चढला तरी सणाला लोक घेतातच, असं कुणीतरी ओरडून सांगितलं. अनुष्काने फळ्यावर गुपचूप लिहिलं, 'मागणीची लवचिकता कमी'. हा खरं तर पुढच्या आठवड्याचा धडा होता. एवढ्यात मेलरॉय सर स्वतःच उठून, केळी किती पिकलेली घ्यावीत यावर रिद्धीशी वाद घालू लागले. घंटा झाली तरी कुणी उठेना.

आठवड्याने प्राचार्य श्रीरंग सरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. ते देशावरचे, त्यांच्या लेखीही केळं ते केळंच. संवादाला पैकीच्या पैकी मार्क होते. खाली मात्र मेलरॉय सरांनी ठणकावून लिहिलं होतं की शिक्षिकेला स्थानिक बाजाराचं प्राथमिक ज्ञानही नाही, सबब विषयज्ञान असमाधानकारक. अडाणी शिक्षिकेला पुन्हा कसं घ्यायचं, असं श्रीरंग सरांनी विचारलं.

अनुष्का पुरती कात्रीत सापडली. मुद्दाम चुकले म्हणावं तर संवाद बनावट ठरतो, न म्हणावं तर ती अडाणी ठरते.

तेवढ्यात भावेश दारात उभा राहिला. मागे अर्धा वर्ग होता. विनया मॅडमच्या पोटात कुठलीच बातमी राहत नसे, या शेऱ्याचीही राहिली नव्हती. तो म्हणाला, "सर, मॅडमना सगळं माहीत होतं. त्या तासाच्या आधीच्या रविवारी माणिकपूरच्या बाजारात त्यांनी सुकेळी घेतली. राजेळीचीच आहेत ना, असं खोदून खोदून विचारत होत्या. विकणारी बाई माझी आई आहे. मी मागे टोपल्या उतरवत होतो."

अनुष्काचे कान तापले.

"म्हणजे त्या मुद्दाम चुकीचं सांगतायत, हे तुला कळलं होतं?" श्रीरंग सरांनी विचारलं. "मग वाद कशाला घातलास?"

"सर, वर्षभर मॅडम जे विचारतात ते फक्त त्यांनाच माहीत असतं. त्या दिवशी पहिल्यांदा आम्हाला माहीत असलेलं काहीतरी निघालं. मग गप्प कसं बसणार?"

मेलरॉय सरांच्या शेऱ्यापेक्षा हे अनुष्काला जास्त लागलं, कारण ते खरं होतं. आपण वर्षभर या मुलांना मुकी समजत आलो, याची तिला लाज वाटली.

श्रीरंग सर म्हणाले की मेलरॉय सरांना सोमवारी पुन्हा बोलावतो. त्या दिवशी खरं शिकवायचं, आणि तेव्हाही ही मुलं बोलली तरच पुढच्या वर्षाच्या नेमणुकीच्या कागदावर सही होईल.

अनुष्का मुलांकडे वळली. तिच्याकडे उत्तर नसलेला प्रश्न तिने आजवर कधी विचारलाच नव्हता. "मग सोमवारी काय घेऊ या?"

रिक्षाचं भाडं, म्हणाला स्टीवन. पाण्याचे टँकर, म्हणाला सिद्धेश. फुलांचे भाव घ्या, म्हणून रिद्धी पुढे घुसली, तर भावेशने तिला तिथेच अडवून तिचे भाव जुने असल्याचं सांगितलं. दारातला अर्धा वर्ग आत आला, टेबलाभोवती जमला आणि एकमेकांना खोडून काढू लागला. श्रीरंग सरांनी दोनदा शांत बसायला सांगितलं. कुणी ऐकलं नाही.

त्यांनी पेन उघडलं, कागदावर सही ठोकली आणि तो अनुष्काच्या हातात कोंबत म्हणाले, "सोमवारचं राहू द्या. आधी यांना बाहेर न्या."